पिकअपचे गियर अडत होते, दोष क्लचचा निघाला

सोयाबीन भरून लातूरच्या मोंढ्यात जायचं म्हटलं की आमची जुनी पिकअप रिव्हर्सला कर्रकर्र करायची. पहिला गियर तर रेटूनच टाकावा लागे. गॅरेजवाल्यानं आवाज ऐकूनच निकाल दिला, "गिअरबॉक्स उतरवावा लागतोय." म्हटलं, थांबा जरा.

इंजिन बंद ठेवून गियर टाकून पाहिले, तर सगळे लोण्यासारखे पडले. चालू केलं की पुन्हा अडायचे. म्हणजे क्लच पूर्ण सुटतच नव्हता. पेडल भराभर पंप केलं की गियर पडायचा, तेव्हा संशय क्लचच्या तेलावर गेला. गाडीखाली शिरून, तेलाच्या दाबानं क्लच सोडवणाऱ्या खालच्या सिलिंडरचं रबर मागं सारलं, तर काळं, चिकट तेल बोटावर आलं. वरच्या तेलाच्या डबीतही तळालाच उरलं होतं.

नुसती रबर किट स्वस्त पडते, पण सिलिंडरला आतून चरे पडलेले असले तर ती टिकत नाही. मी सिलिंडर नवाच टाकला. मग आत शिरलेली हवा काढायला पोरगं पेडलवर, मी सिलिंडरच्या हवा सोडायच्या निपलपाशी: दाब, धरून ठेव, सैल केलं, आवळलं, आता सोड. बुडबुडे थांबेपर्यंत हेच. मधूनमधून डबीत डॉट ३ (ब्रेक-क्लचचं तेल) ओतत राहायचं, नाहीतर परत हवा शिरते. हे तेल पत्र्यावर सांडलं तर रंग उठतो, लगेच पाण्यानं धुवा.

गिअरबॉक्स उतरवायची वेळ आलीच नाही.