गंजलेल्या एमएम ५४० जीपची घरच्या घरी दुरुस्ती

रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत अनेक पावसाळे उघड्यावर काढलेली महिंद्रा एमएम ५४० मी अंगणातच दुरुस्त केली. डिझेल इंजिनाला फारसे काही करावे लागले नाही. खरे काम पत्र्याचे आणि चासीचे, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याचे होते.

वरचा रंग शाबूत दिसला तरी गंज आतून पसरलेला असू शकतो, म्हणून चासी हातोडीने इंचाइंचाने ठोकून पाहिली आणि जिथे खणखणीतऐवजी बद्द आवाज आला, तिथे पेचकस सहज आत गेला. अशा जागी पुट्टी भरणे ही मला फसवणूकच वाटते. निरोगी लोखंड लागेपर्यंत पत्रा कापावाच लागतो. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा सोडल्या, डिझेलची टाकी उतरवून दूर ठेवली आणि नवा तुकडा सलग न जोडता अंतराअंतराने टाके देत जोडला, कारण एकाच जागी उष्णता साचली की पातळ पत्रा वाकतो.

वरवरच्या गंजावर तारेच्या ब्रशनंतर फॉस्फोरिक आम्लाचे द्रावण लावले, ज्यामुळे गंजाचे आयर्न फॉस्फेट बनते. उरलेले आम्ल धुऊन, पत्रा पूर्ण सुकवून लगेच इपॉक्सी प्राइमर मारला. कोकणातील दमट हवेत उघडे लोखंड रात्रभर ठेवणे परवडत नाही.

चासीतील निचऱ्याची छिद्रे मातीने बुजलेली होती आणि बहुतेक गंजाचे मूळ तिथेच होते. ती मोकळी करून पोकळ भागांत नळीने मेण फवारले. शेवटी ट्रान्स्फर केसचे, म्हणजे इंजिनाचा जोर पुढच्या आणि मागच्या चाकांकडे वाटणाऱ्या पेटीचे तेल बदलले, आणि पुढच्या चाकांचा जोर पुन्हा मिळू लागला आहे.