काम संपण्याची तारीख सतत पुढे सरकते? मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट वापरताना या चुका टाळा

कामांचे वेळापत्रक आखण्याच्या मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट या सॉफ्टवेअरमध्ये ‘फिनिश’च्या रकान्यात दिसणारी तारीख म्हणजे आपण भरलेल्या माहितीवर केलेली बेरीज असते. भरलेल्या माहितीतच घोळ असेल, तर ती बेरीज कितीही अचूक असून उपयोग नाही. म्हणून तारखा वारंवार चुकू लागल्या की सहकाऱ्यांना जाब विचारण्याआधी फाइल उघडून पाहावी.

सर्वांत आधी ‘टास्क मोड’ पाहावा. 2010 च्या आवृत्तीपासून नवीन काम मुळातच ‘मॅन्युअली शेड्यूल्ड’, म्हणजे तारखा हाताने ठरवायचे काम, म्हणून नोंदले जाते. असे काम आधीच्या कामाशी जोडलेले असले, तरी आधीचे काम लांबल्यावर ते आपोआप पुढे जात नाही. तारखेखाली फक्त लाल नागमोडी रेघ उमटते आणि ती सहसा कोणी पाहत नाही. ठोस कारण नसेल, तर सर्व कामे ‘ऑटो शेड्यूल’वर ठेवावीत.

ऑटो शेड्यूल असूनही तारीख हलत नसेल, तर कोणीतरी ती हाताने टाइप केली असण्याची दाट शक्यता असते. सुरुवातीची तारीख टाइप केली की सॉफ्टवेअर त्या कामावर ‘स्टार्ट नो अर्लिअर दॅन’ (या तारखेआधी सुरू नको) आणि शेवटची तारीख टाइप केली की ‘फिनिश नो अर्लिअर दॅन’ (या तारखेआधी संपायला नको) हे बंधन गुपचूप लावते. परिणामी आधीचे काम आठवडाभर लवकर संपले, तरी पुढचे काम जागचे हलत नाही. उशीर मात्र पुढे सरकत राहतो आणि वाचलेले दिवस वाया जातात. इंडिकेटरच्या रकान्यात दिनदर्शिकेचे छोटे चिन्ह दिसले, तर हे बंधन काढून ‘अ‍ॅज सून अ‍ॅज पॉसिबल’ निवडावे. ग्राहकाने दिलेली मुदत नोंदवायची असेल, तर त्यासाठी ‘डेडलाइन’ हा वेगळा रकाना आहे. तो कामाला अडकवून ठेवत नाही, मुदत ओलांडली की इशारा तेवढा देतो.

कामाच्या तासांचा घोटाळा याहून फसवा असतो, कारण त्यात काहीच चुकलेले दिसत नाही. समजा, कार्यालय सकाळी 10 ते संध्याकाळी 6 चालते आणि मध्ये एक तास जेवणाची सुट्टी असते, म्हणून आपण ‘चेंज वर्किंग टाइम’मध्ये जाऊन रोजचे 7 तास भरले. मात्र ऑप्शन्समधील ‘अवर्स पर डे’ हा आकडा तसाच 8 राहिला. आता ‘5 दिवस’ असे लिहिले की सॉफ्टवेअर ते 40 तास समजते. पाच दिवसांत 35 तास भरतात, आणि सोमवारी सकाळी सुरू झालेले काम शुक्रवारी न संपता पुढच्या सोमवारी दुपारी 4 वाजता संपते. आकडा दुरुस्त केला, तरी आधी भरलेले कालावधी मिनिटांत साठवलेले असल्याने ते पुन्हा तपासावे लागतात. त्यामुळे हे दोन्ही आकडे पहिले काम नोंदवण्याआधीच जुळवून घ्यावेत.

‘स्टँडर्ड’ कॅलेंडरमध्ये गणेश चतुर्थी, दिवाळी किंवा 1 मे यांपैकी एकही सुट्टी नसते. त्या आपणच भराव्या लागतात. सरकारी मंजुरीवर अवलंबून असलेल्या कामांत, राज्य शासनाच्या कार्यालयांत 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, हेही धरावे. उलट, स्लॅबवर सात दिवस पाणी मारायचे असेल, तर ते रविवारीही चालते. अशा कामाचा कालावधी ‘7d’ न लिहिता ‘7ed’ असा लिहावा, म्हणजे सुट्ट्या वगळल्या जात नाहीत.

सर्वाधिक दिशाभूल माझ्या मते टक्केवारीने होते. दहा दिवसांच्या कामाचे आठ दिवस उलटले आहेत आणि काम 40 टक्केच झाले आहे, असे समजा. ‘कम्प्लीट’च्या रकान्यात 40 भरले, तरी शेवटची तारीख दहाव्या दिवसावरच राहते, कारण उरलेल्या सहा दिवसांपैकी चार दिवसांचे काम सॉफ्टवेअर उलटून गेलेल्या तारखांतच मांडून ठेवते. ‘अपडेट प्रोजेक्ट’मधून उरलेले काम आजच्या पुढे ढकलले, तर तारीख चौदाव्या दिवसावर जाते. पण आठ दिवसांत चारच दिवसांचे काम उरकले असेल, तर त्याच वेगाने उरलेल्या कामाला आणखी बारा दिवस लागतील, म्हणजे खरा शेवट विसाव्या दिवशी. म्हणून आढावा घेताना ‘किती टक्के झाले?’ असे न विचारता ‘अजून किती दिवस लागतील?’ असे विचारावे. प्रत्यक्षात गेलेले दिवस ‘अ‍ॅक्च्युअल ड्युरेशन’मध्ये आणि मिळालेले उत्तर ‘रिमेनिंग ड्युरेशन’मध्ये भरावे.

एवढे सगळे नीट केल्यावरही एक अडचण उरते. प्रत्येक काम वेळेवर होण्याची शक्यता 80 टक्के असली आणि एकमेकांवर अवलंबून नसलेली अशी तीन कामे एकाच टप्प्याला येऊन मिळत असली, तर तो टप्पा वेळेवर गाठण्याची शक्यता जेमतेम 51 टक्के उरते. कामे आडव्या पट्ट्यांनी दाखवणाऱ्या गँट चार्टवर हे कुठेही दिसत नाही. तिथे तिन्ही पट्ट्या एकाच तारखेला गुण्यागोविंदाने संपलेल्या असतात. अशा टप्प्यानंतर राखीव दिवसांची स्वतंत्र ओळ घालावी आणि ग्राहकाला कळवायची तारीख त्या ओळीच्या शेवटी धरावी. तेच दिवस प्रत्येक कामात थोडेथोडे दडवले, तर काम वाढून ते भरून टाकते. वेगळ्या ओळीत ठेवले, तर त्यांतले किती खर्च झाले हे दर आठवड्याच्या बैठकीत सर्वांसमोर राहते.