थंडीच्या आधी घरीच गोधडी कशी शिवायची

पाऊस गेला, सोयाबीन निघालं अन् कापूस वेचणीला अजून जोर चढायचा आहे, तं गोधडी शिवायला घ्यायची हीच वेळ, कारण डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडं विदर्भात पारा १० अंशांच्या खालीही जातो अन् तेव्हा शिवायला बसून काही उपयोग नाही.

आधी कपडा. जुन्या सुती साड्या, लुगडी, धोतरं काढा. नायलॉन, सिल्क नको, थर सरकतात. गरम पाण्यात धुवून खळ काढा अन् कडक वाळवा. ऑक्टोबरच्या उन्हाला आपण उगाच नावं ठेवतो, या कामाला याच्याइतकं चांगलं ऊन नाही.

हिशेब सोपा आहे, साडेपाच मीटरची साडी तीन पदरी घडी केली की सहा फूट लांब अन् पावणेचार फुटांच्या आसपास रुंद होते, म्हणजे दोन साड्यांत एका माणसाची सहा पदरी गोधडी होते. जास्त थर घेऊ नका, सुई निघत नाही अन् धुतल्यावर आत ओल राहते. विरलेला भाग आत घाला, आजीच्या लुगड्याचा काठ मात्र वर दिसलाच पायजे.

आता ओसरीत चटई टाकून साड्या अंथरा, कोपऱ्यांवर दगड ठेवा, हातानं सुरकुत्या काढा अन् मधातून कडेकडे लांब कच्चे टाके घाला. इथं घाई केली की गोधडीला फुगे येतात अन् मग ते जात नाहीत. मग कडा आत दुमडायच्या, दुहेरी सुती दोऱ्यानं कडेनं धावदोरा घालायचा, एक फेरी झाली की बोटभर आत दुसरी, असं करत करत मधापर्यंत यायचं. टाका तांदळाच्या दाण्याएवढा. शेवटी कच्चे टाके उसवा.

एकटीनं बसू नका, शेजारच्या काकूंना, जाऊबाईंना बोलवा, समोरासमोर बसलं की कपडा ताणलेला राहतो अन् गप्पाही होतात. घरात भुलाबाई (पोरी गाणी म्हणत पूजतात त्या मातीच्या मूर्ती) बसल्या असतील तं कोजागिरीपर्यंत पोरींची गाणी चालू असतात, खिरापत ओळखायचा गोंधळ असतो, त्यात दोन फेऱ्या कधी होतात कळतही नाही. भंडारा-गोंदियाकडं उकडलेले शिंगाडे, बाकीकडं सीताफळं, पण खाल्ल्यावर हात धुवूनच सुई धरा. पोरांनाही एखादी ओळ घालू द्या, वाकडी आली तरी उसवू नका.

झाल्यावर एकदा थंड पाण्यात धुवा, पिळायची नाही, दोघींनी धरून खाटेवर पसरायची अन् दोन्ही बाजूंनी पूर्ण वाळल्याशिवाय घडी घालायची नाही.