तलावाच्या पाळीवरून पाहुणे फिरवायचे तर

नागपूरची मंडळी पक्षी बघायला आली की पहिला प्रश्न ठरलेला, "ताई, किती किलोमीटर?" मी सांगते, दोन. लगेच चेहरे पडतात. दोन किलोमीटरला अडीच तास कसे लावायचे, हे शिकायला मला चार हिवाळे लागले.

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यातलं, अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं. घर ढिवराचं, म्हणजे मासेमाराचं. तुमच्याही गावाला मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारीच्या काळातला, तलाव असेल आणि पाहुणे फिरवायचे मनात असेल, तर आधी एकट्यानं आठ दिवस त्याच वाटेवर चाला. सूर्य कुठून येतो ते बघा. आमची पाळ, म्हणजे तलावाचा बांध, पूर्वेला आहे. म्हणून सकाळी पाळीवर उभं राहिलं की ऊन पाठीवर आणि पाण्यातला प्रत्येक पक्षी रंगासकट समोर. संध्याकाळी तिथंच डोळे दिपतात, बदक की ओंडका कळत नाही. डिसेंबरात मी सव्वासहाला निघते.

माणसं सहा, फार तर आठ. एकदा बावीस जण घेऊन गेले, लोभ झाला. त्यातल्या एकानं स्पीकर लावला आणि अडई बदकांचा सगळा थवा शिट्ट्या मारत पलीकडच्या काठाला गेला. उरलेला वेळ आम्ही पाणी बघितलं. आता मोबाइल मुके करूनच पाळीवर चढायचं.

पहिला थांबा तुडुमपाशी. शेतीला पाणी सोडायची ही जुनी सोय: पायऱ्यांसारखी खाली उतरत गेलेली भोकं, पाणी उतरेल तसं एकेका भोकाचं बूच काढायचं. त्यामुळे नेहमी वरचं पाणी आधी बांध्यांत, म्हणजे धानाच्या शेतांत, जातं. हे तलाव कोहळी या इथल्या शेतकरी समाजाच्या लोकांनी बांधले, एवढं सांगा आणि पुढे निघा. इतिहास लांबवला की लोक घड्याळ बघतात.

खरी गंमत शिंगाड्याच्या आणि कमळाच्या पानांजवळ. इथं बोलायचं नाही, बसायचं. बेशरमाच्या झुडपाआड गोणपाट अंथरून वीस मिनिटं. पहिली पाच मिनिटं लोक खोकतात, सहाव्या मिनिटाला कमळपक्षी पानावर येतो. लांबच लांब बोटं पसरून चालतो, म्हणून पान बुडत नाही. त्याची अंडी नर उबवतो, हे हळूच सांगितलं की बायका नवऱ्यांकडे बघतात. मग टिबुकली, छोटंसं पाणपाखरू, बुडी मारते. ती कुठून वर येईल यावर पोरांची पैज लावा, पुढचा अर्धा तास ती गप्प राहतात.

त्यापुढे टेकडीची सोंड पाण्यात उतरली आहे. दगडावर सकाळी दव असतं, चपलेनं चढू देऊ नका. वरून उलट्या बाजूला धानाच्या बांध्या दिसतात. कापणी झालेली असते आणि ओल्या जमिनीत उतेरा केलेली, म्हणजे न नांगरता फेकून पेरलेली, लाखोरी डाळ निळी फुललेली असते. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, तूर. इथं मी कापलेले शिंगाडे देते. पाणी प्रत्येकानं आपलं आणायचं.

सारस दिसतीलच असं कधी कबूल करू नका. दिसले तर जोडीनं, माणसाच्या उंचीचे. ते पावसाळ्यात धानात घरटं करतात. एकदा मी पाहुण्यांच्या हट्टापायी धुऱ्यावरून फार जवळ गेले. नर पंख पसरून अंगावर आला, मादी घरट्यावरून उठली आणि ढगाळ सकाळी दोन अंडी उघडी पडली. आम्ही मागे फिरलो. ती परत बसली का, ते बघायला मी थांबले नाही, लाज वाटली. तेव्हापासून पावसाळ्यात त्या बांध्यांकडे वाटच नाही. थंडीत लांबून, शेतमालकाला विचारून. तो म्हणाला नको, तर नको.

नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत मात्र वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही.

परतताना बाबा डोंगीतून, म्हणजे छोट्या होडीतून, जाळं ओढत असतात. फोटो काढण्याआधी त्यांना विचारायला सांगा. ते हो म्हणतात, फक्त मरळ मासळी सापडली असेल तर लवकर म्हणतात. शेवटी आमच्या ओसरीत चहा. पैशांची गोष्ट चहाआधीच उरकून घ्या, नंतर घेताना माझाच हात मागे येतो.