बोअरच्या पाण्याने जमीन कडक होतेय, पाणी मुरत नाही: माझा अनुभव

सांगोला भागातली डाळिंबाची बाग, ड्रिपखाली जमीन टणक, पाणी वरच साचायचं, पानांच्या कडा करपायच्या. शेणखत वाढवलं, ॲसिड सोडलं, फरक शून्य, जीव मेटाकुटीला आला. पाण्याच्या रिपोर्टमध्ये ईसी (विद्युत वाहकता, म्हणजे पाण्यात एकूण क्षार किती) ठीक होता म्हणून पाण्यावर कुणाला संशयच येईना.

शेवटी जमलं ते असं: मोटर आधी वीस मिनिटं चालवली, मग प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरली आणि त्याच दिवशी लॅबला दिली, आरएससी मुद्दाम मागून घेतला. आरएससी (रेसिड्युअल सोडियम कार्बोनेट) जास्त असला की मातीत सोडियम वाढून ती टणक होते; तो म्हणजे कार्बोनेट अधिक बायकार्बोनेट, त्यातून कॅल्शियम-मॅग्नेशियम वजा, सगळं मिलीइक्विव्हॅलंट प्रति लिटरमध्ये. १.२५ पर्यंत चालतं, २.५ च्या वर धोका, आमचा त्याहून बराच वर निघाला. मग हिशोब केला, १ आरएससी उतरवायला दर १० लाख लिटरमागे ८६ किलो शुद्ध जिप्सम. तेवढं पावसाच्या तोंडावर मातीत वरच्या थरात मिसळलं (ड्रिपमधून सोडू नका, चोक होतं), जिप्सममधल्या कॅल्शियमने मातीतला सोडियम सुटा केला, मग पावसाने तो खाली धुवून नेला. आता पाणी मुरतंय. खरं सांगतो, नुसत्या ईसीवर अजिबात थांबू नका.