रोजंदारीवरून निवृत्त होताना आपले पैसे कसे मिळवावेत

रोजंदारी, बदली, हंगामी, कंत्राटी, मस्टरवर काहीही लिहिलेलं असो, "तुम्ही परमनंट नाही, तुम्हाला काही मिळत नसतं" हे प्रत्येकाने ऐकलेलं असतं. बऱ्याचदा ते धादांत खोटं असतं. पण ते खोडून काढायला कागद लागतात आणि कागद नोकरी चालू असतानाच हाती लागतात. म्हणून ५४-५५ व्या वर्षीच कामाला लागा.

आधी हजेरी मोजा. सगळा खेळ २४० दिवसांचा आहे. १२ महिन्यांत २४० दिवस भरले की कायद्याच्या दृष्टीने ते सलग सेवेचं वर्ष. पगारी सुट्ट्याही यात धरायच्या. मध्येच चार-आठ दिवसांचा "ब्रेक" देण्यामागचा हेतू यावरून कळेल. पण २४० भरत असतील तर त्या ब्रेकने वर्ष बुडत नाही. पगारचिठ्ठ्या, गेटपास, ओळखपत्र, बँकेतल्या पगाराच्या नोंदी, ईएसआय (कामगार राज्य विमा) कार्ड, मिळेल ते जपा. ठेकेदार बदलला की त्याचं नाव आणि तारीख वहीत लिहून ठेवा.

मग पीएफचं खातं उघडून बघा. यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणारा तुमचा पीएफ क्रमांक, टाकला की पासबुक दिसतं. जन्मतारीख आधारशी जुळते का, जुन्या ठेकेदाराने काम सोडल्याची तारीख भरली आहे का, सगळी खाती एकाच यूएएनखाली आहेत का, हे तपासा. जन्मतारखेचा घोळ ५८ व्या वर्षी निस्तरायला घेतला तर पेन्शन तेवढी लांबते. ठेकेदाराने पैसे कापले पण भरले नाहीत, तर पीएफ कार्यालयात लेखी तक्रार करा. ठेकेदाराकडच्या कामगारांच्या वर्गणीची जबाबदारी मूळ कंपनीवरही असते.

पीएफसोबतच्या पेन्शनसाठी १० वर्षांची सेवा लागते. साडेनऊ भरली तरी १० धरतात. हिशेब असा: पेन्शनपात्र पगार (ज्या पगारावर पेन्शन मोजतात तो) गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. १५,००० पगार आणि १० वर्षे म्हणजे महिना साधारण २,१४३ रुपये. रक्कम फार नाही, पण ती आयुष्यभर येते आणि पश्चात जोडीदारालाही पेन्शन मिळते. त्यामुळे काम बदलताना पेन्शनचा भाग काढून घेऊ नका, काढला की ती वर्षे गेली. त्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे पेन्शनची झालेली वर्षे जमा ठेवणारा पीएफ कार्यालयाचा दाखला, घ्या. पन्नाशीनंतर लवकर पेन्शन घेता येते, मात्र ५८ च्या आधीच्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कमी होतात. घाई न केलेली बरी.

ग्रॅच्युइटी, म्हणजे केलेल्या सेवेबद्दल काम सोडताना मालकाने द्यायची एकरकमी रक्कम, लेखी मागा. १० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेत ५ वर्षे सलग काम झालं की ती मिळते, रोजंदारीवाल्यालाही. प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांची मजुरी. शेवटचे सहा महिन्यांहून जास्त उरले तर तेही पूर्ण वर्ष. रोज ६०० रुपये आणि १२ वर्षे असतील तर १,०८,००० रुपये. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. तिच्यात मुदतीच्या करारावरच्या कामगारांना एका वर्षानंतरच ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. अर्ज ठेकेदार आणि कंपनी दोघांनाही द्या, पोच घ्या. ३० दिवसांत पैसे आले नाहीत तर कामगार खात्याकडे जा.

सही करताना थांबा. "वय झालं, राजीनामा लिहून द्या" असं म्हणत कुणी कोरा कागद पुढे केला, तर सही करू नका. निवृत्तीच्या वयाआधी कामावरून कमी करायचं असेल, तर वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, शिवाय दर वर्षामागे १५ दिवसांची सरासरी मजुरी द्यावी लागते. राजीनामा दिलात की हा हक्क सुटतो. "सगळा हिशेब मिळाला" या कागदावरही पैसे खात्यात आल्यावरच सही.

ईएसआय कापला जात असेल तर एक गोष्ट बरेच जण विसरतात. ५ वर्षे विमाधारक राहून वयोमानाने निवृत्त झालात, तर वर्षाला १२० रुपये भरून तुम्हा दोघा नवरा-बायकोला उपचार चालू ठेवता येतात. त्याचा अर्ज काम सुटताच ईएसआयच्या शाखा कार्यालयात द्या.