पुण्यात पर्यावरणाचे नकाशे शिकायचे असतील तर

बायोडायव्हर्सिटी, एन्व्हायर्नमेंट किंवा भूगोल घेऊन एम.एस्सी.ला आलेली मुलं पहिला प्रश्न सॉफ्टवेअरचाच विचारतात. "ताई, क्यूजीआयएस करू की आर?" क्यूजीआयएस म्हणजे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर, आर म्हणजे आकडेमोडीची प्रोग्रॅमिंग भाषा. क्यूजीआयएसने सुरुवात करा. फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. एकच नकाशा वीस प्रजातींसाठी काढायची वेळ आली की आर आपोआप शिकावंसं वाटेल. खरा वेळ जातो तो डेटा ओळखण्यात, आणि त्याबद्दल क्लासमध्ये फारसं कुणी बोलत नाही.

पुणे जिल्ह्यातल्या पक्ष्यांच्या नोंदी ई-बर्ड या पक्षीनिरीक्षकांच्या साइटवरून उतरवून नकाशावर टाकून बघा. पाषाण तलाव, वेताळ टेकडी, सिंहगडाची दरी, कवडी पाट, भिगवण इथे ठिपक्यांचा खच पडतो आणि मधले पट्टे रिकामे राहतात. तिकडे पक्षी नाहीत असं नव्हे, रविवारी सकाळी दुर्बीण घेऊन तिकडे सहसा कुणी फिरकत नाही. निम्मा नकाशा पक्ष्यांचा असतो आणि निम्मा पुणेकर पक्षीनिरीक्षकांचा. म्हणून नुसते ठिपके मोजू नका. जिल्ह्यावर चौकोनांची जाळी टाका आणि प्रत्येक चौकोनातल्या किती पूर्ण याद्यांमध्ये तो पक्षी आहे याचं प्रमाण काढा. पूर्ण यादीत ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिलेले असतात, त्यामुळे एखादा पक्षी त्यात नसणं हीसुद्धा माहितीच. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच याद्या असलेला चौकोन खुशाल राखाडी ठेवा. गाइडला तो आवडणार नाही, तरी ठेवा.

आयनॅचरलिस्ट या, लोक सगळ्या सजीवांच्या नोंदी टाकतात त्या साइटची गोष्ट वेगळी. धोक्यातल्या प्रजातींचं नेमकं ठिकाण तिथे मुद्दाम लपवतात आणि ०.२ गुणिले ०.२ अंशाच्या चौकोनात कुठेतरी ठिपका टाकतात. शिकाऱ्यांचा विचार केला तर हे योग्यच आहे. आपल्या अक्षांशावर हा चौकोन दक्षिणोत्तर सुमारे २२ किमी आणि पूर्व-पश्चिम सुमारे २१ किमी भरतो. सिंहगडाच्या उतारावर दिसलेलं खवल्या मांजर नकाशात राजगडाच्या पायथ्याशी उमटू शकतं. जीबीआयएफ या, अशा अनेक ठिकाणच्या नोंदी एकत्र ठेवणाऱ्या साइटवरून उतरवलेल्या तक्त्यात ठिकाणाच्या अनिश्चिततेचा, मीटरमधला एक रकाना असतो. तो आधी उघडा. तिथे पंचवीस-तीस हजार दिसले तर ती नोंद राज्याच्या नकाशात खपेल, एका टेकडीच्या नकाशात नाही. रकाना रिकामा असेल तर आणखी सावध राहा.

क्षेत्रफळ किंवा बफर (एखाद्या जागेभोवतीचा ठरावीक अंतराचा पट्टा) काढण्याआधी नकाशाचा थर यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीच्या झोन ४३ उत्तरमध्ये आणा, सॉफ्टवेअरमध्ये तो निवडायचा ईपीएसजी कोड ३२६४३. मूळ डेटा बहुतेक वेळा अंशांत असतो. त्यावर ५०० चा बफर मागितलात तर ते ५०० मीटर नव्हे, ५०० अंश होतात आणि अख्खी पृथ्वी त्यात बुडते.

उपग्रहचित्रांसाठी सेंटिनेल-२ पुरे. मुख्य पट्ट्यांचं (बँड्सचं) रिझोल्यूशन १० मीटर आहे, म्हणजे चित्रातला एक ठिपका जमिनीवर १० मीटरचा, आणि तेही फुकट. पावसाळ्यात मात्र बरीचशी चित्रं ढगांनी भरलेली मिळतात. वनस्पतींचा हिरवेपणा मोजणारा एनडीव्हीआय काढताना महिना बघा. सासवड-सुप्याकडचा माळ ऑक्टोबरात हिरवा असतो आणि एप्रिलात आकडा खाली येतो. एप्रिलच्या एका चित्रावरून त्याला उजाड ठरवू नका, त्याच माळांवर लांडगे आणि चिंकारा राहतात. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य तर चिंकारांसाठीच ओळखलं जातं. उलट टेकडीवर ग्लिरिसिडियाच्या झाडांची लागवड केली की पावसाळ्यानंतर आकडा छान वाढतो, पण म्हणून गवताळ अधिवास सुधारला असं होत नाही.

रंगांबद्दल थोडक्यात सांगते. लाल-हिरवी जोडी टाळा, काही जणांना त्यातला फरकच दिसत नाही. विरिडिस ही जांभळ्यापासून पिवळ्यापर्यंत जाणारी तयार रंगपट्टी वापरा. आणि जुन्नर वनविभागातले बिबटे तालुकावार दाखवायचे असतील तर नुसत्या नोंदी रंगवू नका, चौरस किलोमीटरमागे किती ते काढा.

नोकरीचं म्हणाल तर पुण्यात जीआयएसचं, म्हणजे संगणकावरच्या नकाशांचं, बरंचसं काम रस्ते, पाइपलाइन, टेलिकॉम आणि जमिनीच्या नकाशांचं आहे. पर्यावरणाचं काम बहुधा प्रकल्पापुरतं, मुदतीचं. पहिली नोकरी डिजिटायझेशनची, म्हणजे नकाशे संगणकावर रेखून घेण्याची, मिळाली तर घ्या. बहुभुज बंद न होणं, सीमा एकमेकींवर चढणं या कटकटी तिथे हातात बसतात. अर्जासोबत दहा रंगीत नकाशे जोडण्यापेक्षा एकच जोडा. त्याच्याबरोबर डेटा कुठून आणि कोणत्या तारखेला घेतला, कोणत्या नोंदी गाळल्या आणि का, हे लिहिलेलं एक पान द्या. मुलाखतीत माझे प्रश्न त्या पानावरूनच निघतात.